पाठीवरच्या बारा टिकल्या

शिवरामभटांच्या उजव्या हाताला खाज सुटली ती चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात. आधी अनामिकेच्या टोकाला बारीक पुरळ आलं, मग ते बोटांच्या बेचक्यांत उतरलं आणि दसऱ्यापर्यंत तळहाताला भेगा पडल्या. कपाळावरही लाल चट्टा उठला.

शिवरामभट राहायचे ब्रह्मा घाटावर आणि दशाश्वमेधावर बसून महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे विधी सांगायचे. वय बावन्न, आवाज खणखणीत, आणि गप्पांची आवड एवढी की आलेला यजमान निघताना घरचा माणूस होऊन निघायचा. पण आता तीर्थ देण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, की समोरचा क्षणभर थबके. साताऱ्याच्या एका बाईंनी तर पदर सावरण्याचं निमित्त करून तीर्थ घ्यायचंच टाळलं. त्या दिवशी ते लवकरच घरी आले. त्यांची बायको नंदा म्हणाली, दवाखान्यात जा. ते म्हणाले, मलम लावतोय ना.

मलम गल्लीतल्या कंपाउंडरनं दिलेलं, पिवळं धमक. त्यानं काही फरक पडेना. साबण बदलून झाला, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, वांगं बंद झालं. घाटावर ज्याला त्याला कारण ठाऊक होतं, आणि बहुतेकांचं कारण एकच होतं: गंगेचं पाणी. पूर्वीसारखं राहिलं नाही, दिवसातून तीनदा त्यात हात बुडवल्यावर दुसरं काय होणार. हे ऐकलं की शिवरामभट विषय बदलत. त्यांच्या मनातही तेच होतं, आणि ते खरं निघालं तर आपण कुठं जायचं, हे त्यांना कळत नव्हतं. म्हणूनच ते डॉक्टरकडे जायला तयार नव्हते.

शेवटी पौषात नंदानंच त्यांना मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथं त्वचारोग विभागात शरदिनी नावाच्या डॉक्टर होत्या, पस्तिशीच्या, मूळच्या अमरावतीच्या. शिवरामभटांचं मराठी ऐकून त्यांना बरं वाटलं. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं की ही ॲलर्जी दिसते, पण कशाची ते अंदाजानं सांगता येणार नाही, तपासावं लागेल. साबणात, मलमात, तेलात जंतू मारायला किंवा बुरशी लागू नये म्हणून रसायनं घालतात. बहुतेकांना ती चालतात, एखाद्याच्या कातडीला चालत नाहीत. त्यातली एकेक थोडीथोडी पाठीवर चिकटवून बघायची. त्यांचा स्वतःचा संशय पिवळ्या मलमावर होता.

मग त्यांनी अट सांगितली. सोमवारी चिकटवायचं, बुधवारी काढायचं, शुक्रवारी पुन्हा बघायचं. तोवर पाठीला पाण्याचा थेंब लागता कामा नये.

"म्हणजे अंघोळ नाही?" शिवरामभटांनी विचारलं.

"पाय धुवा, हात धुवा, पाठ सोडून अंग पुसून घ्या. पण नदीत उतरायचं नाही."

मुंज झाल्यापासून शिवरामभटांची गंगास्नान चुकलेली सकाळ विरळाच. आजाऱ्याला शास्त्रानं मंत्रस्नान सांगितलं आहे, डोक्यावर पाणी न घेता नुसत्या मंत्रांनी शुद्ध व्हायची मुभा आहे, हे त्यांनी स्वतःच शेकडो म्हाताऱ्या यात्रेकरूंना समजावलं होतं. ते आता आपल्याच गळ्यात पडलं. ते तयार झाले, पण त्यांनीही एक अट घातली.

"गंगाजलही लावा पाठीवर. कारण ते असेल तर मला कळायला हवं."

डॉक्टर हसतील असं नंदाला वाटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि घाटावरचं पाणी बाटलीतून आणायला सांगितलं. एवढंच बजावलं की यातून फक्त तुमच्या कातडीला त्याची ॲलर्जी आहे का ते समजेल, पाणी स्वच्छ आहे की नाही ते यातून कळायचं नाही. शिवरामभटांना ते पटलं.

सोमवारी त्यांच्या पाठीवर टिकलीएवढ्या ॲल्युमिनियमच्या बारा वाट्या चिकटपट्टीनं बसवल्या गेल्या. शेजारी पेनानं आकडे लिहिले. बारा नंबरच्या वाटीत कागदाच्या चकतीवर गंगेचा थेंब होता.

घाटावर ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. शेजारच्या छत्रीखाली बसणारे दत्तात्रेयभट म्हणाले, की कडाक्याच्या थंडीत अंघोळ चुकवायची डॉक्टरी चिठ्ठी आपल्यालाही मिळाली तर बघा. मंगळवारी चार-पाच जणांनी त्यांना उपरणं बाजूला करायला लावून आकडे वाचले. शिवरामभटांनी सगळं हसून घेतलं. पाठ मात्र एका ठिकाणी भयंकर खाजत होती, आणि ते ठिकाण नेमकं कितव्या आकड्याशी आहे हे त्यांना कळत नव्हतं. नंदाला विचारलं तर ती म्हणाली, पट्टीच्या आत मला काय दिसणार. तिनं त्यांना खाजवू दिलं नाही. त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

बुधवारी पट्ट्या निघाल्या. डॉक्टरांनी थोडं थांबून भिंग लावून पाहिलं. शिवरामभट भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"बारा?" त्यांनी विचारलं.

"बारा कोरी आहे, गुरुजी. काहीही नाही."

शिवरामभटांचे खांदे सैल पडले. नंदानं त्यांचा चेहरा पाहिला आणि स्वतःचे डोळे पुसले.

मलमाची वाटीही कोरी होती. माझा अंदाज चुकला, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. उठली होती ती सात नंबरची जागा, लाल आणि फुगलेली. शुक्रवारी ती आणखी ठळक झाली. डॉक्टरांनी रसायनाचं नाव कागदावर लिहून दिलं. शिवरामभटांनी वेदाची पदं सुटी करून म्हणावीत तसं एकेक अक्षर स्वच्छ उच्चारलं: क्लो-रो-क्रे-सॉल. ओल्या वस्तू महिनोन्‌महिने टिकाव्यात, त्यांना बुरशी लागू नये, म्हणून ते घालतात, असं डॉक्टर म्हणाल्या. असं ओलं काय आहे तुमच्या हाताशी रोज? तेल, कुंकू, साबण हे सगळं तुम्ही पिशवीतून आणून दाखवलंत, त्यात तर हे दिसत नाही.

शिवरामभटांनी आपल्या अनामिकेकडे पाहिलं. नंदानं त्यांच्याकडे पाहिलं.

"गंध," ते हळूच म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा खांदा धरला होता. रोज शंभर कपाळांचं चंदन उगाळणं होईना. चौकातल्या एका दुकानात तयार गंधाची प्लास्टिकची डबी मिळायची. पिढ्यान्‌पिढ्या सहाणेवर गंध उगाळणाऱ्या घरात हे सांगायची त्यांना लाज वाटली. नंदा सकाळी सहाण आणि खोड पिशवीत घालून द्यायची, ते तसंच संध्याकाळी परत यायचं. आणि यजमानाला गंध लावायचं ते उजव्या हाताच्या अनामिकेनंच. दुखणं तिथूनच सुरू झालं होतं, आणि स्वतःच्या कपाळालाही ते तेच गंध लावायचे.

"तरीच म्हटलं खोड झिजत का नाही," नंदा म्हणाली. मग तिला हसू आवरेना, आणि डॉक्टरही हसल्या.

पण डॉक्टरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. हात थोडा निवळल्यावर त्यांनी डबीतलं गंध डाव्या कोपराच्या खळीत दिवसातून दोनदा लावायला सांगितलं. चौथ्या दिवशी तिथं पुरळ उठलं आणि शंका उरली नाही. पुढच्या तीन आठवड्यांत भेगा भरून आल्या.

त्या शुक्रवारी मात्र रुग्णालयातून ते घरी न जाता थेट नदीवर गेले होते. थंडीनं दात वाजत होते, तरी इतका वेळ पाण्यात राहिले की नंदाला पायरीवरून दोनदा हाक मारावी लागली. चंदन आता ती उगाळते. खांद्याचं मला आधी सांगायचं होतंत, एवढंच ती म्हणाली. आणि लपवालपवीपेक्षा तेच बरं, म्हणून शिवरामभटांनी डबीची गोष्ट घाटावर सगळ्यांना सांगून टाकली.

त्याचा परिणाम वेगळाच झाला. फाल्गुनात दत्तात्रेयभट आणि आणखी दोघे आपापले हात उपरण्यात गुंडाळून त्यांच्या दारात आले. तिघांच्याही पिशवीत तीच डबी होती. शिवरामभटांनी त्यांना घेऊन रुग्णालय गाठलं, रांगेत बसवलं, आणि डॉक्टर शरदिनी येईपर्यंत पाठ कशी कोरडी ठेवायची, कूस बदलताना काय सांभाळायचं आणि मंत्रस्नानाला कुठले मंत्र लागतात, ते सगळं तिघांना समजावून सांगितलं.