काचेची ओसरी

ज्या मुलखात वैशाखात माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं, तिथे घराला उन्हाची खोली बांधायची कल्पना कुणाच्या डोक्यात यावी? नागपूरला नर्स असलेल्या मयुरीच्या डोक्यात आली. मोबाइलवर कुठेतरी तिने तसली खोली पाहिली आणि लगेच आईला फोन लावला.

"आई, ओसरीले तिन्ही बाजूनं काच लावून टाकू. बाबा थंडीत उन्हात बसतीन. वारा नाई, धूळ नाई."

चामोर्शीजवळच्या त्या गावात बातमी पसरायला कितीसा वेळ! नळावरच्या बायांनी मयुरीच्या आईला, आशाबाईला छळून सोडलं. "काऊन व, उन्हाळ्यात मुखरूभाऊचे पापड वाळवाचे हायेत का?" आशाबाई हसली. होकार तर तिने देऊन टाकला होता. नवऱ्याच्या भल्याचं कुणी काही सुचवलं की तिला नाही म्हणवत नसे.

मुखरू एके काळचा झाडीपट्टीतला नामी नट. दिवाळीनंतर गावोगावी नाटकं लागली की त्याच्या आवाजासाठी माणसं बैलबंड्या जुंपून यायची. आशाबाईने लग्नाआधी त्याला नीट पाहिलंही नव्हतं, मांडवाच्या कनातीबाहेरून नुसतं ऐकलं होतं, आणि तेवढ्यावर ती भाळली होती. गेल्या पावसाळ्यात त्याला लकवा मारला. हातपाय थोडेफार सावरले, आवाज मात्र गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करा. झालं! बाईने स्वतःच बोलायचा सपाटा लावला. त्याचे ओठ नुसते हलायचा अवकाश. "पानी पायजे? घ्या. थंडी वाजते? थांबा, शाल आणून देते." मुखरू ओठ मिटून घ्यायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा. घरात माणसं दोन आणि बोलणारं एक, हे तिला खायला उठे. त्याने एकदा नावाने हाक मारावी, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या सकाळी ती लाखोळीची भाजी खुडायला धानाच्या बांधीत गेली होती. तिथेच श्रीहरी मिस्त्रीचा फोन आला. संध्याकाळी नाही, आत्ताच माप घ्यायला येतो म्हणाला. ती लगबगीने परतली, मागच्या सांदवाडीतून घरात शिरली आणि मधल्या खोलीतच थबकली.

ओसरीवर कुणीतरी बोलत होतं. पुरुषाचा आवाज, जाड, फाटलेला, अडखळणारा. घरात एकटा लुळा माणूस, आणि हा कोण शिरला? कोपऱ्यातली काठी उचलून तिने दाराच्या फटीला डोळा लावला.

पायरीवर लटारू बसला होता. मुखरूचा नाटकातला जुना जोडीदार. मुखरू रंगमंचावर असायचा तेव्हा लटारू पडद्याआड वही धरून बसायचा आणि कुणी अडलं तर हळूच वाक्य पुरवायचा. आता तो बकऱ्या चारतो. बकऱ्या रस्त्यावर पांगल्या होत्या आणि तो गप्प ऐकत होता. बोलत होता तो मुखरू.

तिचा मुखरू! जो तिच्यासमोर 'हं'सुद्धा करत नव्हता!

"आ... सा," तो म्हणत होता. तिचं नाव जिभेवर लोळत होतं. "आसा... तू... जे..." पुढे गाडी सरकेना.

लटारूने काहीच सांगितलं नाही. तो बकऱ्यांकडे बघत राहिला. मुखरूच्या मानेच्या शिरा ताठल्या. "जे... जेव..."

तेव्हा कुठे लटारू पुटपुटला, "जेवली का."

"आसा, तू जेव... ली का?"

"जमून राह्यलं ना भाऊ! दिवाळीले तं एक शब्द नोता निंगत. आता बाईले म्हणून दाखव."

मुखरूने जोरजोरात मान हलवली. "न... नाई. असा आ... वाज? ति... ले? नाई."

आशाबाई भिंतीला धरून खाली बसली. आधी संताप आला. दिवाळीपासून! म्हणजे इतके दिवस ती एकटीच बडबडत होती, आणि हा गडी तिच्या पाठीमागे बोलत होता. आणि मग दुसरा धक्का बसला, पहिल्याहून मोठा. लटारू थांबला होता. ती कधीच थांबली नव्हती. तोंड उघडायच्या आत त्याचा प्रत्येक शब्द तिने हिसकावून घेतला होता. तिने पदर तोंडात कोंबला, नाहीतर हुंदका बाहेर पडला असता.

मग ती मागच्या मागे बाहेर पडली आणि वळसा घालून, मुद्दाम खोकत, पुढून आली. मुखरूचे ओठ मिटले होते. लटारू बकऱ्यांच्या नावाने ओरडत निघून गेला.

एवढ्यात श्रीहरी आला. त्याने टेप ताणला. "काच लागली की बाहेरचा आवाजबी येनार नाई, बाई. एकदम शांत. फक्त हे पायरी तोडा लागन."

"पायरी राहू दे," आशाबाई म्हणाली. "काचबी नको."

"अवो, पन मयुरीताईनं सांगतलं..."

"तिले मी सांगीन. तू जा भाऊ."

मयुरी फोनवर भडकली. "बाबाच्या तब्येतीशी खेळून राह्यली तू! झालं तरी काय?" कारण सांगावं तर मुखरू समोर बसलेला. आशाबाईने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं.

दुपारी तिने त्याला भात आणि लाखोळीची भाजी वाढली. स्वतःचं ताट घेतलं नाही. त्याच्यासमोर बसली आणि गप्प राहिली. इतकी गप्प ती त्या घरात कधीच बसली नव्हती. मुखरूने दोन घास खाल्ले. तिच्याकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग घास ताटातच ठेवला आणि त्याचे ओठ हलले.

"आ..."

पुढचं सगळं वाक्य तिला पाठ होतं, अगदी जिभेवर आलं होतं. तिने दात घट्ट आवळले आणि ती थांबून राहिली.