होडीचा पत्ता

माळनाक्यावरच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत मुंबईच्या मृणाली मॅडम बसल्या होत्या, समोर हाताने रंगवलेले टॅरोचे पत्ते. कशावर होडी, कशावर दीपस्तंभ, कशावर आंब्याचं मोहरलेलं कलम. पत्ता उलटला की मॅडम समोरच्याची अख्खी कुंडली सांगायच्या.

"जावयाचं दुकान जळलं, तेपण पत्त्यात आलं हो," एक बाई डोळे पुसत बाहेर आली.

राजश्रीबाईंचे डोळे कोरडे होते. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेली. चित्र बोलतं हे त्यांना मान्य, पण जावयाचं दुकान सांगतं म्हणजे जरा जास्तच झालं.

त्या आल्या होत्या झरीनसाठी. शेजारच्या ताजबीची ही नर्स झालेली मुलगी. मस्कतच्या इस्पितळात नोकरी लागलेली, उद्या होकार कळवायचा. आणि काल मॅडमनी होडीचा पत्ता काढला: पाण्यापलीकडे बापासारखीच संपशील, सात बैठका घे, मग बघू. झरीनचे अब्बा युसुफ कुवेतला कामावरच वारले होते.

"अब्बांचं त्यांना कसं कळलं, बाई?"

"तेच बघायला आलोय गो. गप बस."

बाहेर खुर्च्यांवर बसलेल्यांना मॅडमची मदतनीस कमला सरबत देत होती. "कुठच्या तुम्ही? कोणाच्यातल्या?"

रत्नागिरीत या प्रश्नाला कोण थोडक्यात उत्तर देतो? गाव सांगायचं, मग घर, मग घरातली दुखणी. सगळे भडाभडा बोलत होते. झरीनही काल बोलली असणार. बाईंची नजर सरबताच्या टेबलावरच्या फुलदाणीकडे गेली. तिच्यामागे एक मोबाइल पालथा घालून ठेवलेला, कॉल चालूच.

बाईंना मजा वाटायला लागली.

"आम्ही दाभोळच्या," त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आमचे हे बोटीवर होते. तीन वर्षं झाली, खाडीने नेलं. प्रेतसुद्धा मिळालं नाही."

झरीन चकित होऊन बघत राहिली. बाईंनी तिला चिमटा काढला.

आत पत्ता निघाला दीपस्तंभाचा. मॅडमनी डोळे मिटले. "दिवा जळतोय ताई, पण बोट येत नाही. दाभोळची खाडी दिसतेय. तीन वर्षं. मालकांचा आत्मा पाण्यात अडकलाय."

"अगोबाई," म्हणत बाई दारात गेल्या. "अहो, जरा आत या. तुम्ही बुडालायत."

फाटकाशी स्कूटरवर शेंगदाणे खात बसलेले आप्पा, बाईंचे यजमान, आत आले. "कधी?"

हॉल हसला. मॅडम गोऱ्यामोऱ्या. "ऊर्जेत अडथळा येतोय..."

"अडथळा हाच का बघा." बाईंनी बाहेरून फुलदाणीमागचा मोबाइल आणून तोंडाशी धरला आणि ओरडल्या, "हॅलो मॅडम, ऐकू येतंय?"

मॅडमचा हात झटकन मोकळ्या केसांखाली, कानातल्या इअरफोनकडे गेला. कमला एव्हाना चपला शोधत होती.

बाईंनी पत्त्यांतून होडी काढून झरीनसमोर धरली. "चित्र छान काढलंय. आता तूच सांग. ही बोट निघालीय की बुडतेय?"

झरीनने पत्ता हातात घेतला. "शिडात वारा भरलाय. निघालीय."

"हे तुझ्या मनातलं. चित्राचा उपयोग एवढाच, आपलं मन आपल्याला दिसतं. उद्याचं काय ते कागदाला कळत नाही. भीती तुझी होती, बातमी तूच दिलीस आणि ह्यांनी तीच तुला परत विकली. आणि मंडळी, कोणी तुमच्या मनातलं ओळखलं ना, तर हात जोडायच्या आधी आठवा, आपण बाहेर काय बोललो."

झरीनने तिथेच फोन काढला आणि मस्कतला होकार कळवला.