इंजिनाच्या कोटाला भोक

फ्लोरा शेरबिनिन गिऱ्हाइकाचा स्वभाव त्यानं विचारलेल्या पहिल्या प्रश्नावरून ओळखायची. रंग कोणते आहेत असं विचारणारा डोंगरात दुसऱ्याकडे पेट्रोल मागणार. उद्या मिळेल का विचारणारा सगळ्यांच्या पुढे जाऊन सगळ्यांच्या आधी रुतणार. आणि ऊब टिकेल ना, असं विचारणाऱ्याला हमखास बायकोनं पाठवलेलं असणार.

ती शिवायची ते कोट माणसांचे नव्हते, स्नो-बाइकच्या इंजिनांचे होते. पुढे चाकाच्या जागी स्की आणि मागे रबरी पट्टा लावलेली ती मोटारसायकल भुसभुशीत बर्फातून कडा चढते, तेव्हा इंजिनावर सतत बर्फ उडत राहतो आणि ते बिचारं तापतच नाही. थंड इंजिन धड ओढत नाही, तेल नासवतं आणि नको तिथे बंद पडतं. म्हणून दरीतले लोक पूर्वी त्याला काहीबाही गुंडाळायचे. कुणी गालिच्याचा तुकडा, कुणी जुनी गोधडी. एकानं तर सासूचा लोकरी स्वेटर बाह्यांसकट बांधला होता. फ्लोरानं आत चंदेरी कापड, मधे लोकर आणि वर ताडपत्री असा बेतशीर कोट काढला. दोन हिवाळ्यांत दरीतल्या झाडून सगळ्या बाइका तिच्या हातचे कपडे घालून फिरायला लागल्या.

यंदा तिनं त्यात सुधारणा केली. इंजिनाला आतली वाफ बाहेर सोडायला एक नळी असते. तिचं तोंड कोटाच्या आत राहिलं की अस्तरावर तेलाचे शिंतोडे उडायचे, आणि फ्लोराला डाग म्हणजे स्वतःच्या अब्रूवरचा वाटायचा. तिनं कोटाच्या खालच्या कडेला पितळी कडीचं एक सुबक भोक पाडलं आणि नळीचं तोंड बाहेर काढलं. अस्तर चकचकीत राहिलं. सगळ्यांनी वाखाणलं. नवऱ्यानं, लॅरीनं, तर त्या कडीवरून बोट फिरवून पाहिलं होतं आणि बराच वेळ काही बोलला नव्हता. फ्लोरानं त्याचा अर्थ कौतुक असा लावला होता.

त्या शनिवारी नाकातले केस कडकडावेत अशी थंडी होती. लॅरी आणि आणखी पाच जण सकाळीच कड्यावर गेले होते. फ्लोरा बोर्श सुपासाठी कोबी चिरत असताना मेकॅनिक वॉल्ट कॅनिगनचा गॅरेजमधून फोन आला. काम काय ते त्यानं सांगितलं नाही. ये, एवढंच म्हणाला.

गॅरेजमध्ये दरीतल्याच ट्रेंटची बाइक उभी होती. ट्रेंट आदल्या दिवशी एकटाच गेला होता. इंजिन वाटेत मेलं, आणि तो लाकूडतोड्यांच्या रस्त्यानं बर्फातून पायी उतरला. बर्फ काढणाऱ्या ट्रकवाल्याला सापडला म्हणून बरं. आता तो इस्पितळात होता आणि पायाच्या बोटांचं काय होणार ते डॉक्टर सांगत नव्हते. बाइक रात्रभर उघड्यावर राहिली होती, नुकतीच आत आणलेली.

कोट तेलानं लदबदला होता. वॉल्टनं त्याच्या खालून लोंबणारी नळी फ्लोराच्या हातात दिली. तोंडाशी बर्फाचं बूच बसलं होतं, बोटाच्या पेराएवढं, घट्ट.

"इंजिन छान गरम होतं," वॉल्ट म्हणाला. "तुझ्या कोटानं काम चोख केलं."

"मग?"

"वाफ नळीतून गेली, बाहेर थंडीत येऊन गोठली. तोंड बंद. आत दाब साठला, त्यानं तेल अडवणारं सील उडवलं आणि सगळं तेल बाहेर. तोंड आत उबेला असतं तर गोठलं नसतं."

 फ्लोरानं ती नळी अशी धरून ठेवली, जशी कुणाची तरी करंगळी. मग डोक्यात कड्यावरच्या एकेकाचा कोट मोजायला लागली. निळा, तपकिरी, त्यांच्यातल्या नदीनचा लाल, लॅरीचा करडा. सहाही यंदाचे. सहांनाही भोक.

गॅरेजमधला वायरलेस डोंगरातल्या सगळ्यांच्या चॅनलवर असायचा. तो अर्धी दरी ऐकायची, प्रार्थनाघरातल्या भजनवाल्या बायकांसकट. वॉल्टनं हळूच सुचवलं की मी बोलतो, थंडीचा दोष आहे म्हणतो, तुझं नाव कशाला. फ्लोरानं त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"फ्लोरा बोलतेय. माझा कोट चुकलाय. सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता थांबा. कोट उघडा, नळीला वर, इंजिनापाशी चीर द्या. चाकूनं. नंतर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या."

आधी नुसती खरखर. मग एकेक आवाज येत गेला: दिली चीर, माझीही, माझ्या नळीत बर्फ होता बाई. लॅरीचा आवाज आलाच नाही. शेवटी नदीननं सांगितलं की तो मागे राहिलाय, ती परत जाऊन बघते. नंतर कळलं की तो घळीच्या तोंडाशी उभा आहे, बाइकखालचा बर्फ काळा झालाय, आणि ते त्याला दोरीनं ओढत खाली आणतायत.

खालच्या तळावर, जिथे सगळ्यांचे पिकअप उभे असतात, तिथे फ्लोरा वाट बघत होती. लॅरी आला तो दोरीला बांधलेला, दाढीत बर्फ, विजारीवर गुडघ्यापर्यंत तेल. तिनं त्याचे गाल दोन्ही हातांनी दाबून बघितले. त्याला लागत होतं, म्हणजे गाल ठीक होते.

नदीननं हेल्मेट काढलं. "तुझा हा नवरा दर थांब्याला सगळ्यांच्या बाइका कुरवाळत फिरतो, माहितीये ना? आम्ही म्हटलं, लागलं म्हातारपण."

लॅरी खाली बघायला लागला. फ्लोरानं त्याचे गाल सोडले.

"का कुरवाळतोस?"

"बर्फ काढतो," तो म्हणाला. "नळीच्या तोंडाचा. नखानं निघतो."

"कधीपासून?"

"नाताळाच्या आधीपासून. तू त्या भोकावर इतकी खूश होतीस... म्हटलं, मी आहेच की सोबत. आज बाकीच्यांचा काढला. माझा काढणार, तेवढ्यात हे सगळे सुटले पुढे."

कुणी हसलं नाही. नदीन स्वतःच्या बाइकखाली वाकून बघत होती, जणू नळी पहिल्यांदाच दिसत होती. फ्लोराला आधी वाटलं की ह्याला मिठी मारावी. मग मिठी मारण्याआधीच तिला काहीतरी गारठवून गेलं. दोन महिने हा माणूस तिच्या भोकासाठी, तिच्या कौतुकासाठी पाच जणांचा जीव नखावर घेऊन फिरत होता, आणि रात्री घरी येऊन बोर्श पीत होता.

"काल ट्रेंट एकटा होता," ती म्हणाली. "काल तू नव्हतास, लॅरी."

 हे लॅरीनं हिशेबात धरलंच नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर तिच्यासमोरच येत गेलं, आणि तो तिच्या पिकअपच्या दाराला टेकला.

ती ओरडली नाही. बाइकांपाशी जाऊन तिनं एकेक कोट सोडवला आणि पिकअपमध्ये टाकला. कुणीतरी म्हणालं, अगं चीर दिलीये आता, राहू दे की. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लॅरी मदतीला आला तर त्याचा हात बाजूला सारला.

"गाडीत बस. इस्पितळात जायचंय. कोट माझा, ते मी सांगेन. दोन महिन्यांचं तू सांगायचंस, ट्रेंटच्या आईसमोर."

"विजार तरी बदलतो. तेल आहे सगळं."

"तसाच चल," फ्लोरा म्हणाली आणि गाडी सुरू केली.