ओढ्यात आडवा वाळुंज

मित्रांनो, ओढ्यात आडवा पडलेला तो काळाकुट्ट ओंडका दिसतो ना, तो मी. वाळुंजाचं एक जुनं झाड. काठावर उभा होतो तेव्हा पाण्यावर माझी सावली, सावलीत गार पाणी, गार पाण्यात माशांची पिल्लं. लेकराचा हात धरावा तशी माझ्या मुळांनी काठाची माती धरली होती.

मग डोंगरावर वणवा पेटला. वारा त्याचा सख्खा भाऊ! झुडपं बघता बघता राख झाली. मी बुंध्याशी जळालो आणि कडाडून पाण्यात कोसळलो. सावली गेली, पाणी उन्हानं तापलं. मासे माझ्या अंगाखाली येऊन दडले.

आगीनंतर ओढा साफ करायचा, ही इथली रीत. लाकूडतोड्यानं वरच्या अंगाचे सगळे जळके ओंडके साखळीनं ओढून काढले. पाणी कसं मोकळं धावतंय म्हणून लोकांनी वाहवा केली.

आणि पाऊस आला. उघड्या डोंगरावरून राख, चिखल सुसाट उतरला. त्याला अडवायला वर कुणी उरलंच नव्हतं. काठ ढासळले, पाणी शाईसारखं झालं, वरचे मासे गुदमरून मेले. तो लोंढा माझ्यावर आदळला. मी हललो, पण जागा सोडली नाही. बराच गाळ माझ्या पाठीशी बसला. खालच्या डोहातलं पाणी गढूळलं, तरी जिवंत राहिलं.

पाऊस उघडला तसा लाकूडतोड्या माझ्याकडे वळला. गळ्यात साखळी पडली. तेवढ्यात डोहावर पाणी भरणारी त्याची वहिनी ओरडली,

"भावोजी, हात लावाल तर याद राखा!"

"अहो, जळकं लाकूड ते! माहेराहून आणल्यासारखं काय जपताय?"

"वर साफ केलंत ना? तिथं एक मासा दाखवा. आणि इथं जरा वाकून बघा."

तो वाकला. माझ्या अंगाखाली पिल्लं सुळसुळत होती.

"वहिनी, चुकलं की हो."

"चुकलं तर चुकलं. हात आहेत ना अजून? लागा कामाला!"

साखळी सुटली. त्यानं खुंट ठोकून मला पक्का रोवला, वरच्या अंगाला ओंडके पुन्हा आडवे टाकले. वहिनीनं वाळुंजाच्या हिरव्या फांद्या आणून उघड्या काठावर खोचल्या; ओल्या मातीत त्यांना मुळं फुटतात.

आभाळ पुन्हा भरून आलंय. येऊ दे! मी झिजेन, कुजेन, पण त्या फांद्यांची मुळं माती धरेपर्यंत हलणार नाही. मित्रांनो, रानात ठिणगी टाकू नका. काठावरच्या त्या कोवळ्या फांद्या तुडवू नका, शेळ्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. तेवढं तुम्ही सांभाळा. तोवर पाणी मी सांभाळतो.