कोपरा खाल्लेला एक्स-रे

आधी मला खिडकीकडे धरा. अंधारात मी कुणाशी बोलत नसतो. हं, आता दिसलो? काळ्यावर पांढरी हाडं. घाबरू नका, भूतबीत काही नाही. मी एक एक्स-रे आहे, एका मोडलेल्या उजव्या मनगटाचा, पंजासकट.

नीट पाहिलंत तर मला एक कोपरा नाही. तो एका साहेबानं खाल्ला. तेच सांगायचं आहे.

माझा जन्म लातूरच्या एका दवाखान्यात झाला. उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढून नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढचा उन्हाळा. गावोगावी पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहायची एकच घाई उडाली होती. मुरुडचा व्यंकटी पेंटर सकाळी शिडीवर चढायचा तो दिवेलागणीलाच उतरायचा. साहेब लोक बदली होऊन नव्या जिल्ह्यात आले, पाऊस काही बदलीवर आला नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. अशात एका शाळेच्या कमानीवर 'जिल्हा' एवढं लिहून झालं, 'लातूर' लिहायच्या आधीच शिडी घसरली, आणि मी जन्मलो.

डॉक्टरांनी मला उजेडावर धरून मान हलवली. व्यंकटीनं विचारलं, "ब्रश धरता येईल ना, डॉक्टरसाब?"

"आधी भाकर मोडता येते का ते बघू," डॉक्टर म्हणाले.

मी पिशवीतून मुरुडला आलो. तिथं व्यंकटीची बायको पंचशीला होती. वय बावीस, शिक्षण सातवी, अक्षर इतकं सुरेख की गल्लीतल्या बायका चिठ्ठ्या तिच्याकडून लिहून घ्यायच्या. काळजी करायला मात्र तिला कारण लागत नसे. पोराला शिंक आली की तापाची काळजी, आली नाही की नाक चोंदलं का याची. पोरगं दहा महिन्यांचं. आजोबांचं नाव ठेवलं होतं, साहेबराव. शेजारच्या सुमनबाई म्हणायच्या, "नव्या जिल्ह्याला साहेब कमी पडू न्हाईत म्हणून तूबी एक दिलास व्हय?"

मला पाहून पंचशीला रडली नाही. मला उन्हाकडे धरून बराच वेळ एकेक हाड मोजत बसली. मग म्हणाली, "समदी हायेत." जणू एखादं हाड दवाखान्यात राहिलं असतं!

तिसऱ्या दिवशी नव्या कचेरीचा माणूस आला. गावांना आता टँकरनं पाणी मिळणार होतं. गावोगावच्या फाट्यावर टँकर कुठं थांबतो ते दाखवणारे अकरा पत्र्याचे फलक पाहिजे होते, चार दिवसांत. "जमत नसंल तर सांगा," तो व्यंकटीच्या प्लास्टरकडे बघत म्हणाला. "लातुरात आता छपाईचं मशीन आलंय. मग पुढची समदी कामं तिकडंच जातील."

व्यंकटी काही बोलायच्या आत पंचशीला आतून म्हणाली, "जमतंय."

माणूस गेल्यावर व्यंकटी तिच्यावर उखडला. "काय जमतंय? कोण काढणार? तू?"

"अक्षरं मी लिहिते. तुम्ही रेघा मारून द्या डाव्या हातानं. बाण तेवढा छाप्यानं मारू."

"छापा? छापा पेंडीच्या पोत्यावर मारतेत. मी पेंटर हाय, पंचशीले. छाप्याला जीव नसतो."

"तुमचा हात बरा होईस्तोर पोत्यावानी ऱ्हाऊ की. बाण नको, हात काढू. वाचता न येणारीलाबी हात कळतो."

छाप्यात भोक कापून त्यातून रंग फिरवायचा, म्हणून जाड, न भिजणारं काहीतरी हवं होतं. तिची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मला तेव्हाच कळलं, आपलं काही खरं नाही.

दाढीच्या ब्लेडनं तिनं मला कापलं. हाडांच्या कडेकडेनं, जपून, जणू व्यंकटीला दुखेल. पाची बोटं सरळ ठेवली असती तर लोक म्हणाले असते, मतं मागायला आले. म्हणून तीन बोटं तिनं मध्येच आखडती कापली आणि अंगठ्याशेजारचं पहिलं बोट लांब ठेवलं. हात सुटून खाली पडला. आता मी दोन झालो, एक भोक पडलेली चौकट आणि एक हाडांचा हात. चौकट कामाला लागली. हात तिनं ट्रंकेत लग्नाच्या लुगड्याखाली ठेवला.

माझ्या वरच्या कोपऱ्यात शिशाच्या अक्षराचा ठसा होता, दवाखान्यानं केलेली उजव्या हाताची खूण. व्यंकटीनं बजावलं, "ही खूण सुलटी दिसली की बोट उजवीकडं. कचेरीचं सांगणं हाय, अकराही फलकांवर उजवीकडंच पाहिजे. धुऊन परत ठेवताना खूण बघायची, इसरू नको."

दहा फलक छान उमटले. व्यंकटी बाजेवर बसून डाव्या हातानं मोकळा ब्रश डब्याच्या काठावर दोनदा पुसायचा, त्यावर एकदा फुंकर मारायचा आणि खाली ठेवायचा. काम नव्हतं, सवय होती.

चौथ्या दिवशी तो प्लास्टर दाखवायला लातूरला गेला. एकच फलक राहिला होता. पंचशीलानं मला धुऊन अंगणात वाळत टाकलं आणि ती पत्रा पुसायला वळली. साहेबराव रांगत आला. मला न्याहाळलं. मग उचललं, आणि खालच्या नव्या दोन दातांनी नेमका तो खुणेचाच कोपरा तोडला.

"माय गं!" पंचशीलानं झडप घातली. तोंडात बोट घातलं, काही नाही. उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, काही नाही. साहेबराव खदाखदा हसत होता.

सुमनबाई भिंतीवरून म्हणाल्या, "उद्या निघंल की बाहीर. एवढं काय?"

"अवो सुमनबाई, औषधातून काढलेला फोटो हाय तो! पोटात गेला तर?"

तेवढ्यात फलक न्यायला ट्रॅक्टर दारात. तिचे डोळे पोराच्या तोंडात आणि हात माझ्यावर. मी पत्र्यावर बसलो, ब्रश फिरला, मी उठलो. फलक ओलाच ट्रॅक्टरवर चढला. मी उलटा बसलो होतो. मला ठाऊक होतं. पण मला विचारतं कोण? आणि खरं सांगू, मला थोडी गंमतही वाटली.

त्या गावच्या फाट्यावरून उजवीकडे शाळेचा हौद होता. डावीकडे आप्पासाहेबांची मोसंबीची बाग. आठ दिवस त्या गावच्या बायका हौदापाशी टँकरची वाट बघून परतत होत्या. टँकर पंक्चर झाला, टँकर रस्ता चुकला, रोज नवी बातमी. नवा फलक लागला, बोट डावीकडे. बायका म्हणाल्या, जागा बदलली जणू. घागरी घेऊन चाळीसेक जणी डावीकडे निघाल्या. आणि बघतात तर काय, टँकर उभा! पंक्चर नाही की काही नाही, आप्पासाहेबांच्या विहिरीत धो-धो रिकामा होत होता.

हे तिथल्या साखराबाईनं पुढं मुरुडच्या बाजारात ज्याला त्याला सांगितलं. "आप्पासाहेब म्हणले, इकडं कुणी धाडलं तुम्हाला? म्या म्हणलं, सरकारनं! बोट बघा की फाट्यावरचं!"

दोन दिवसांनी सुमनबाई धावत आल्या. "पंचशीले, जीप यायलीय. तुझा फलक हाय जीपीत!"

कोपरा अजून पोराच्या पोटातून निघाला नव्हता, पंचशीलाला तेवढी एकच काळजी पुरेशी होती. आता काम जाणार, मुरुडचा पेंटर म्हणून असलेलं नाव जाणार.

नव्या कचेरीचे साहेब उतरले. तरुण होते, चष्म्यावर धूळ. फलक भिंतीला टेकवून म्हणाले, "हा हात कुणाचा?"

"चूक माझी हाय, साहेब," पंचशीला एका दमात म्हणाली. "पोरानं खूण खाल्ली. त्यांचा हात मोडलाय. त्यांचं काम काढून घेऊ नका."

व्यंकटी पुढं झाला. डाव्या हातानं ट्रंकेतला तुकडा आणून त्यानं साहेबांपुढे धरला. "हात माझाच हाय, साहेब. हे बघा, हाडासकट."

साहेबांनी तो तुकडा फलकावर ठेवला. बरोब्बर बसला. ते हसले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. मग म्हणाले, "टँकर आता शाळेवर जातोय. फलक सुलटा करून द्या. आणि आणखी तीस पाहिजेत. याच हाताचे. मशीनचा नको."

जीप गेल्यावर व्यंकटीनं फलकावरून डावा हात फिरवला. म्हणाला, "जीव हाय म्हणायचा छाप्यात."

"मग? माझा चार दिवस टांगणीला लागला हुता त्यात," पंचशीला म्हणाली.

प्लास्टर निघालं. मनगट बसलं, पण पहिलं बोट काही पुरतं वाकलं नाही. व्यंकटी उरलेला जन्म ते बोट ताठ ठेवूनच ब्रश धरत आला, आणि मी त्याच्या जोडीला राहिलो. पुढं प्लास्टिकवर छापलेले फलक आले, तेव्हा मीही ट्रंकेत माझ्या हाताशेजारी जाऊन पडलो. कित्येक वर्षं अंधार.

मग पुन्हा तसाच कोरडा उन्हाळा आला, लातुरात रेल्वेनं पाणी आलं तो. व्यंकटी जाऊन सहा वर्षं झाली होती. साहेबराव आता लातुरात कॉम्प्युटरवर हलती चित्रं करतो, मुलांच्या धड्यांसाठी. पाण्यावर दोन मिनिटांचं चित्र करायचं होतं. वाट दाखवणारा हात काढला, हलवला, मोडला, पुन्हा काढला. "माय, हात हलतो, पण कुणाचाच वाटत न्हाई."

पंचशीला उठली. ट्रंक उघडून तिनं आम्हा दोघांना बाहेर काढलं.

त्यानं आम्हाला जुळवलं, काचेखाली ठेवलं, फोटो घेतला. थोड्या वेळानं पडद्यावर मी चालायला लागलो! माझं एकेक हाड! मी हुरळून गेलो. पंचशीलानं मात्र नाक मुरडलं.

"असं न्हाई. हे तर बँडवाल्यावानी करायलंय. तुझे बाबा आधी ब्रश डब्याच्या काठावर दोनदा पुसायचे. मग फुंकर. मग हात उचलायचे, सावकाश. आणि ते बोट वाकवू नको."

"बोट वाकलं न्हाई तर खरं वाटणार न्हाई, माय."

"त्यांचं वाकतच नव्हतं."

त्यानं बोट ताठ केलं. हात पडद्यावर काठाला दोनदा थांबला, उचलला, आणि दाखवू लागला. पंचशीला खुर्चीच्या कडेला बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

मग एकदम दचकून म्हणाली, "आरं, पण बोट उलटीकडं तर न्हाई ना?"

"असलं तरी काय? हे बघ." त्यानं एक बटण दाबलं. हात डावीकडे. पुन्हा दाबलं, उजवीकडे.

"एका बटणानं?" ती हसायला लागली. "तवा अख्खं गाव फिरलं हुतं की रं!"

झालं माझं सांगून. आता मला खाली ठेवा. पण ट्रंकेत नको, आणि जमिनीवर तर मुळीच नको. जरा उंचावर, फळीवर ठेवा. साहेबरावची पोरगी रांगायला लागली आहे, तिला खालचे दोन दात आलेत, आणि माझे अजून तीन कोपरे शिल्लक आहेत.