झोंबतं म्हणजे लागू पडतं

आमच्या पुंजारामाला पोरांना शिकवायला ज्यानं नेमलं, त्याचा एकदा हार घालून सत्कार केला पाहिजे. माझा सख्खा धाकटा भाऊ हाये, म्हणून सांगते. मंठ्यात गुरुजी म्हणून मिरवतो, पेपर वाचतो, सभेत उठून भाषण ठोकतो, आणि घरात पोटच्या पोरीच्या तोंडाची सालं निघून राह्यली तर म्हणतो, गुण येऊन राह्यला!

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. मी तवा वडीगोद्रीला दवाखान्यात नर्स होते. पुंजारामाच्या थोरल्या पोरीला, शिवकन्याला, शहागडचं स्थळ आल्तं. पोराचं नाव साहेबराव. हा साहेबराव म्हणजे कोणी साधासुधा माणूस न्हाई बरं! त्यानं चेहऱ्याला लावायचं पाणी काढलं होतं, 'रूपराणी स्किन टॉनिक'. गुलाबी पाण्याची शिशी, वर एका बाईचं चित्र. शहागडला हायवेवर टपरी, आणि बाकीच्या दिवशी आसपासचे आठवडी बाजार. भोंगा लावून ओरडायचा, "तेलकट असो, कोरडी असो, एकच शिशी, सगळ्यांना बराबर गुण!" डॉक्टराकडं कंपाउंडर होतो म्हणून सांगायचा. मी चौकशी केली. शिश्या धुवायला होता.

बघायला यायच्या आधी पोराच्या आईनं, चांगुणाबाईनं, निरोप्यासंगं एक शिशी धाडली. पोरीनं सकाळ-संध्याकाळ लावावं, मंग पंधरवड्यानं आम्ही येतो. का, तर पुढच्या शिशीवर त्या चित्रातल्या बाईच्या जागी सुनेचा फोटो छापायचा होता. म्हणजे यांना सून नको होती, लेबल पाहिजे होतं. आणि आमचा गुरुजी खूष! जिथं तिथं सांगत सुटला, "आमच्या शिवकन्याचा फोटो गावोगाव जाणार." लाज कशी वाटली न्हाई, देव जाणे.

पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी रजा टाकून मी मंठ्याला गेले. दारात शिवकन्या उभी होती. मला बघून हसायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. गाल लालभडक, नाकाच्या दोन्ही बाजूंनी कातडीचा कोंडा उडालेला, हनुवटीला चिरा. ह्या पोरीची कातडी जन्मापासून कोरडी. थंडीत तिच्या आईनं खोबरेल चोळल्याबिगर तिला कधी उंबऱ्याबाहेर सोडलं न्हाई. वहिनी वारली, आणि हे बघणारं घरात कोणी उरलं न्हाई.

"काय फासलंस गं बाई हे?" मी विचारलं.

तिनं शिशी आणून दिली. बूच काढून हुंगलं तर इंजेक्शनच्या आधी आम्ही दंडाला पुसतो ते स्पिरिट, वरून कापूर. थेंब जिभेला लावला तर जीभ आकसली. तुरटी! गुलाबाचा नुसता रंग आणि वास होता, गुलाबानं काही ती शिशी लांबूनसुद्धा पाह्यली नसंल.

आता खरं बोलायचं तर त्यात इख काही नव्हतं. ज्याचं तोंड तेलानं चकाकतं, ज्याला पुटकुळ्या येतात, त्याचं वरचं तेल स्पिरिट काढून घेतं, तुरटी कातडी आवळून धरते. त्याला बरं वाटतं. पण जिथं मुळात तेलच न्हाई, तिथं हे काय ओढून काढणार? कातडीच की! अशा तोंडाला गुलाबपाणी पाहिजे, त्यात ग्लिसरीनचे चार थेंब, म्हणजे ओल टिकते. एवढं साधं हाये. पण साधं सांगितलं तर बाजारात भोंगा लावून ओरडायला काय राह्यलं?

धाकटी बेबीनंदा तिथंच दाराला टेकून उभी होती. तिचं तोंड आधीपासून तेलकट, कपाळभर मुरमं. ह्या बारीला बघते तर मुरमं बसलेली, कपाळ साफ.

"तू पण लावतीस व्हय?"

"चोरून, आत्या. मला तर लई चांगलं वाटून राह्यलं," ती म्हणली आणि जीभ चावली.

घ्या! सख्ख्या दोघी बहिणी, एकच शिशी. एकीचं तोंड उजळलं, एकीचं सोललं. हे बघायला कॉलेज शिकावं लागत न्हाई, नुसते डोळे उघडे पाहिजेत. पुंजाराम शाळेतून आला तशी मी ती शिशी त्याच्यापुढं आपटली.

"हे आजपासून बंद कर."

"अक्का, झोंबतं म्हणजे लागू पडतं," तो मलाच शिकवायला लागला. "तू टिंचर लावतीस, ते झोंबत न्हाई का?"

"जखमेला लावते रे मी ते! तू पोरीच्या तोंडाचीच जखम करून ठेवलीस."

"आन् उद्या त्यांनी विचारलं, लावलं का, तर काय सांगू? त्यांचंच औषध, त्यांनाच वाईट म्हणू? हातचं स्थळ जाईल. सवताचा धंदा असलेली पोरं काय रस्त्यावर पडलीत?"

म्हणजे बघा पोरीची गत. न लावावं तर पाव्हण्यांचा अपमान, लावावं तर त्याच पाव्हण्यांपुढं हे असं तोंड घेऊन बसायचं. मी तिला एकटीला बाजूला घेऊन म्हणले, तुला हे स्थळ पाहिजे का? ती म्हणली, "आत्या, मला नको असं न्हाई. बाबांच्या जिवाला लई घोर हाये. पण तोंडाला पाणी लागलं तरी रडू येतं." मंग मी माझ्या पिशवीतलं ग्लिसरीन पाण्यात कालवून तिला लावलं, शिशी फळीवर मागं सारली आणि बजावलं, आता त्या शिशीला हात लावायचा न्हाई.

सकाळी लाली जराशी उतरल्ती. मी चुलीपाशी पोहे परतून राह्यले होते, आणि आमचे शहाणे गुरुजी मागच्या दारी पोरीला उभं करून म्हणून राह्यले, "शेवटचा एक हात मारून घे, म्हणजे उजेड पडंल." पळीसकट मी बाहेर धावले. तवर पोरगी दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसली होती. पुंज्याच्या हातात कापूस होता. त्यानं स्वतः लावलं! माझ्या हातातली पळी त्याच्या टाळक्यात कशी बसली न्हाई, ह्याचंच मला अजून नवल वाटतं.

पाव्हणे आले. 'जय भीम' झालं, पाणी झालं. साहेबराव नुकताच दाढी घोटून आल्ता, गाल असे तुळतुळीत, केसाला तेल, हातात घड्याळ. चांगुणाबाईनं अख्ख्या घरावरून नजर फिरवली. शिवकन्या पदर घेऊन समोर बसली. आमच्याकडं बघायला आलेल्या बायांची एक खोड होती, रुमाल भिजवून पोरीचा गाल पुसून बघायचा, पावडर थापली का म्हणून. चांगुणाबाईनं पण रुमाल तांब्यात बुडवला आणि पोरीच्या गालावरून खसकन ओढला. पावडर काही आली न्हाई. कातडी आली. पोरीनं 'आई गं' म्हणलं आणि ओठ दाबून धरला.

"अगं बाई!" चांगुणाबाई रुमाल लांब धरून बोलली. "पोरीला कातडीचा रोग हाये की. आधी सांगायचं होतं, गुरुजी."

"रोग न्हाई, तुमच्या लेकाचं पाणी हाये ते," मी म्हणले. "काय घालता हो त्यात, साहेबराव?"

"गुलाब, चंदन, आन् बाकीचं आमचं धंद्यातलं गुपित," तो घड्याळाशी खेळत म्हणला.

"गुपित मी सांगते. स्पिरिट, तुरटी, कापूर. पोरीची कातडी कोरडी हाये, तिला ते भाजून काढतं. तुम्ही एक बार तरी विचारलं का, कोणाची कातडी कशी?"

"नर्सबाई, चांगल्या कातडीला काही होत न्हाई," चांगुणाबाईनं हात उडवला. तेवढ्यात बेबीनंदा पोह्याच्या ताटल्या घेऊन आली. बाईनं तिला हाताला धरून उजेडाकडं फिरवलं. "ही बघा! अशी पाहिजे. फोटोत कशी उठून दिसंल! गुरुजी, आम्हाला ही धाकटी चालंल."

बाजारात वांगी निवडतात तशी! आणि माझ्या भावानं काय करावं? थोरली पोरगी भाजलेलं तोंड घेऊन समोर बसलेली, आणि ह्यानं हात जोडले. "तुमचं औषध चांगलंच हाये, बाई. आमच्याच पोरीची कातडी खराब. बेबी, जा, चांगलं लुगडं नेसून ये."

माझं डोकंच फिरलं. मी फळीवरची शिशी काढली, कापूस भिजवला आणि साहेबरावापुढं धरला. "आत्ता घोटून आलात, जरा लावून दावा. तुमचंच हाये, घाबरता कशाला?"

तो मागं सरकला. चांगुणाबाईनं झडप घालून माझं मनगट धरलं. "न्हाई न्हाई, त्याला लावू नका! त्याला न्हाई सोसत. लहानपणापासून लई नाजूक कातडी हाये त्याची. मी अजून रोज दुधाची साय लावते त्याला."

बोलून गेली बाई.

"मंग माझी कशाची होती?" शिवकन्या म्हणली. "चपलेची?"

एवढा वेळ मान खाली घालून बसलेली पोरगी ती. तिनं बेबीनंदाच्या हातातल्या ताटल्या घेऊन खाली ठेवल्या आणि म्हणली, "ही कुठंच जात न्हाई. तुम्ही निघा." साहेबराव उठला. चांगुणाबाई पण उठली, आणि जाता जाता माझ्या हातातली उरलेली शिशी काढून घेऊन गेली. बाजारात खपंल ना कोणाला तरी!

पुंजाराम दारात उभा राहून त्यांच्या पाठीकडं बघत राह्यला. मी तोंडाला येईल ते बोलले त्याला, काही काही ठेवलं न्हाई. त्यानं ऐकलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई. मंग तो माघारी फिरला, शिवकन्याच्या समोर खाली बसला आणि तिच्या गालाला बोट लावायला गेला. तिनं झटकन तोंड मागं घेतलं.

"दुखतं का गं?" तो म्हणला. एवढ्या दिवसांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं.

"हो, बाबा," ती म्हणली. "रोज दुखत होतं."