भरताच्या पंगतीतली फ्रेंच बाटली

मी एक जुना बूचकाढ्या आहे. जगातली उत्तमोत्तम वाइन माणसाच्या ओठांपर्यंत पोचवावी, एवढ्याच थोर कार्यासाठी माझा जन्म झाला. या कार्यात मी आजवर एक बाटली उघडली.

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलेली नसेल. आपल्या भागात दारूबंदी असल्यामुळे ते तुमच्या चांगल्या वळणाचंच लक्षण समजलं पाहिजे. वर शिसवीची आडवी मूठ आणि खाली पीळ दिलेली लोखंडी सळई, असं माझं रूप आहे. सळई बाटलीच्या बुचात फिरवत न्यायची आणि मूठ धरून ओढायचं. रावेरात मला सगळे गिरमिट म्हणतात. सुताराच्या पेटीतल्या हत्याराचं नाव मला का, याचा पहिली दोन वर्षं मला धक्का बसत असे. पुढे मोठे धक्के बसले आणि हा विसरलो.

माझा जन्म विलायतेत झाला. तिथून एका साहेबाबरोबर मी जळगावला आलो. साहेब रोज संध्याकाळी पीत असे, परंतु व्हिस्की. तिचं झाकण नुसत्या हाताने निघतं. मी खणात पडून त्या झाकणाचा आवाज ऐकत असे. सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी गेला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. चार काचेचे पेले, खाण्यापिण्यावरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणि मी, असा आमचा एक ढीग होता. तो रावेरच्या जीवराम नानांनी घेतला. ते खरं तर साहेबाच्या खुर्चीसाठी आले होते.

नाना केळीचे बागायतदार. रावेर स्टेशनातून केळीचे वॅगन दिल्लीला जात आणि त्यांच्यामागून नाना जात. माल विकला की इतर बागायतदार पहिली गाडी पकडून घरी येत. नाना मात्र परतीच्या वाटेवर ठिकठिकाणी उतरत आणि खात. मथुरेचा पेढा, आग्र्याचा पेठा, बऱ्हाणपूरची माव्याची जिलबी यांची ते जातीने चौकशी करून येत. मग स्टेशनाबाहेर, जिथे केळीचे घड पानात गुंडाळतात तिथे, पालथ्या टोपलीवर बसून ते सांगू लागत.

"आग्र्याचा पेठा म्हणजे कोहळाच, भाऊ. पण साखरेच्या घरी घरजावई जायेल कोहळा. सोताचं काहीच राह्यलं नाही त्याच्यात."

गडी हात चालवत ऐकत. पुस्तक वाचायला लागल्यापासून नानांच्या बोलण्यात फ्रान्स देशही येऊ लागला. माशाबरोबर पांढरी वाइन, मटणाबरोबर लाल. लाल कधी गार करायची नाही. पेला आधी नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचे. आपल्या वांग्याच्या भरताविषयी पुस्तकात काही नव्हतं. ही पुस्तकाची चूक आहे असं ठरवून नानांनी स्वतःच निकाल दिला की, भरतात धूर असतो आणि मिरची असते, तेव्हा भरताबरोबर लालच. हे बोलताना ते मला खिशातून काढून हवेत फिरवून दाखवत. माझा ऊर भरून येई. अखेर जाणकाराच्या हाती पडलो, असं मला वाटे.

घरची वागणूक निराळी होती. नानांची बायको धुरपदाबाई माळकरी. मी कशासाठी आहे हे नानांनी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या मला वापरून लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी कोंबलेलं फडकं ओढून काढत, नारळाचा डोळा फोडत आणि एकदा त्यांनी मोरीत अडकलेला भाताचा गोळा काढला. मित्रांनो, मोरीबद्दल मी यापुढे बोलणार नाही.

मोठा धक्का मला टोपल्यांच्या त्या बैठकीतच बसला. लोटन नावाचा एक गाडीवान होता. तो मूळचा पाचोऱ्याकडचा, नानांच्याच वयाचा, आणि नानांचं वाक्य पुरं होण्याआधी त्यात पाचर मारायची त्याला सवय होती. एका दुपारी नाना पेला नाकाशी कसा न्यावा ते दाखवत असताना लोटन म्हणाला, "नाना, बठ्ठी दुनिया तुना तोंडमा शे. पन हाई वाइन तू कधी चाखेल शे का?"

नानांचा हात नाकाशी तसाच राहिला.

मी खिशात थिजलो. माणसाने आठ वर्षं वाइनवर व्याख्यानं दिली होती आणि तिचा थेंब जिभेला लावला नव्हता! अर्थात मीही लावला नव्हता. परंतु मी व्याख्यानं देत नव्हतो.

गडी हसले. मुकादम रमजानभाई तेवढे हसले नाहीत. लोटनला चेव चढला. "आयक. या हिवाळामा भरीतनी संगे तुनी लाल वाइन पाज माले. मना तोंडतून 'वा' निंघना, त तू जलमभर बोल, मी मधमा तोंड घालाव नही. नही निंघना, त दिल्लीतून येवानं, घड मोजानं, अन् गप बसानं. रमजानभाई पंच."

"मी चाखणार नाही," रमजानभाई म्हणाले. "पाहीन. पाहण्याला मनाई नाही."

"कबूल," नाना म्हणाले. मित्रांनो, पैज साधी नव्हती. बोलण्याशिवाय नानांचं जेवण पचत नसे. त्यांचं प्रवास करणं, खाणं, परत येणं, सगळं त्या पालथ्या टोपलीसाठीच होतं. टोपली गेली असती तर त्यांना दिल्लीची केळी आणि मथुरेचा पेढा यांत काही फरक उरला नसता.

पुढच्या फेरीला नाना दिल्लीत एका मोठ्या दुकानात शिरले. कपाटांतून परदेशी डबे आणि बाटल्या मांडलेल्या होत्या. नाना काउंटरशी उभे राहिले आणि घामाघूम झाले. ज्या घरात रोज हरिपाठ होतो, त्या घरच्या माणसाच्या जिभेवर 'दारू' हा शब्द हिंदीतूनसुद्धा येईना. शेवटी ते म्हणाले, "वो... खाने के साथ लगती है ना. लाल. फ्रान्सवाली."

दुकानदाराने मान डोलावली आणि बाटली काढून दिली. लांब मान, आत गडद लाल रंग आणि तोंडाशी खरंखुरं बूच! जन्माला आल्यापासून ज्याची वाट पाहिली ते बूच मी खिशातून वाकून पाहिलं.

वास्तविक नानांनी ती बाटली बऱ्हाणपुरातच कुणाकडे ठेवायला हवी होती. ते मध्य प्रदेशात. तिथे बंदी नाही अशी निदान नानांची समजूत होती. आमचं रावेर मुंबई राज्यात, आणि इथे बाटली सापडली तर थेट तुरुंग. परंतु नानांनी ती धोतरात गुंडाळून रावेरला आणली. का, ते मला घरी पोचल्यावर कळलं.

"ते सामान माह्या उंबऱ्याच्या आत येनार नाही," धुरपदाबाईंनी दारातच सांगितलं. त्यांना सगळं कळलं होतं. स्टेशनावर बोललेलं रावेरात नानांच्या आधी घरी पोचत असे.

"घरात आनतच नाही," नाना म्हणाले आणि बाटली घेऊन परसातल्या धुरीच्या खोलीत गेले.

मित्रांनो, ही केळी पिकवायची खोली. दारं लिंपून बंद करतात, आत गोवऱ्या आणि भुसा पेटवून धूर कोंडतात. तीनचार दिवसांत हिरवी केळी पिवळी होतात. पुस्तकात लिहिलं होतं की लाल वाइन अंधाऱ्या जागी दहा वर्षं ठेवली की पक्व होते. ते वाक्य नानांनी रमजानभाईंना मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, "दहा वर्षं! त्यांच्याकडे धुरी नसेल. मी चार दिवसांत पिकवतो. म्हणून तर बाटली इथे आनली. दुसऱ्याच्या धुरीवर मी केळी सोपवत नाही, हे त फ्रान्स आहे."

त्याच पुस्तकात पुढच्या पानावर ऊन, धूर आणि धग यांपासून बाटली जपण्याविषयी कळकळीची विनंती होती. नाना त्या पानापर्यंत पोचले नव्हते. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. फ्रान्सची बाटली चार दिवस केळीच्या घडांत उभी होती आणि नाना रोज सकाळी दाराचं लिंपण फोडून तिला बोटाने दाबून पाहत होते.

पौषातल्या एका रविवारी आमची बैलगाडी निघाली. बाटली हिरव्या वांग्यांच्या ढिगाखाली होती. हद्दीच्या थोडं पलीकडे धुरपदाबाईंच्या भावाचं शेत होतं. तिथे पोचल्यावर नानांनी चार पावलं जास्तच चालून खात्री केली. कपाशीच्या काड्यांचा जाळ झाला, वांगी भाजली, लाकडी उखळीत ठेचली. हिरव्या मिरच्या, शेंगदाणे आणि कांद्याची पात तेलात तडतडली. भरीत धुरपदाबाईंनीच केलं. "भरीत मी करीन, तिकडे पाहनार नाही," असं म्हणून त्या पाठ करून बसल्या. मात्र कान त्यांना फिरवता आले नाहीत.

आणि ती वेळ आली. नानांनी मला बुचात फिरवलं. मित्रांनो, त्या क्षणाचं वर्णन मी करणार नाही. बूच निघालं. मी नखशिखान्त भिजलो. हीच ती वाइन, मला वाटलं.

चार पेल्यांपैकी एक शिल्लक होता, तो नानांनी घेतला. लोटनला पितळी फुलपात्र. नानांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि एक घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर चिंचेचा सगळा हंगाम येऊन गेला.

"थोडी आंबट आहे," पेला खाली ठेवून ते म्हणाले. "लालमध्ये असतेच."

लोटनने फुलपात्र एका दमात रिकामं केलं. त्याला ठसका लागला. त्याने घाईघाईने भरताचा मोठा घास घेतला. त्यात मिरच्या होत्या. मग पुन्हा फुलपात्र, पुन्हा घास. कपाळावर घाम फुटला, कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या. रमजानभाई पुढे सरकून पाहत होते. नाना जागेवर मातीचे झाले होते.

"चढनी," लोटन हळूच म्हणाला. "नाना, माले चढनी." मग त्याने आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "वा!"

"म्हणाला," पंच रमजानभाईंनी जाहीर केलं.

गडी ओरडले. नानांना आनंद व्हायला वेळ मिळाला नाही, कारण लोटन त्यांच्या गळ्यात पडून रडू लागला होता. "नाना, मी बऱ्हानपूरना म्होरे कधी गयेल नही. तू बोलस तवय माले दिल्ली दिखस. मी मधमा बोलस, ते तू लवकर थांबाले नको म्हनीसन. गप नको बसू रे भो."

धुरपदाबाईंनी पाठमोऱ्याच पदर डोळ्यांना लावला. त्यांच्याकडे धूर येत होता, हेही सांगितलं पाहिजे.

परतताना लोटनला त्याच्याच गाडीत आडवं घातलं आणि बैल रमजानभाईंनी हाकले. हद्द आली तसा लोटन घोंगडीखाली शिरला. "माले जेलमा टाकतीन का?" तो रावेर येईपर्यंत विचारत होता.

नाना जिंकले. पुढच्या फेरीला ते दिल्लीच्या त्या दुकानात ताठ मानेने शिरले आणि तसल्याच आणखी दोन बाटल्या मागितल्या.

"कौन-सा होटल है आपका?" दुकानदाराने कौतुकाने विचारलं. "इतना सिरका तो बड़े-बड़े खानसामे नहीं ले जाते."

"सिरका?" नाना म्हणाले.

"सिरका. सलाद में डालते हैं. आप क्या समझे थे?"

'दारू' हा शब्द नानांना तेव्हाही उच्चारता आला नाही. मित्रांनो, सिरका म्हणजे नुसतं व्हिनेगर. खिशात मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. नाना परतीच्या वाटेवर कुठेही उतरले नाहीत.

रावेर स्टेशनात लोटन उभा होता. "नाना, आनी का?"

नानांनी रिकामी पिशवी खांद्यावर टाकली. "यंदा फ्रान्सात पीक नाही," ते म्हणाले.

"जाऊ दे. बस. काय काय खाधं ते सांग." लोटनने टोपली पालथी घातली. नाना बसले आणि न खाल्लेल्या पेढ्याविषयी तासभर बोलले. लोटन एकदाही मध्ये बोलला नाही. नानांना ते फारसं आवडलं नसावं, कारण पेढा त्यांनी लवकर संपवला.

आता महाराष्ट्र राज्य झालं आहे आणि बंदी तशीच आहे. नाना वाइनवर बोलत नाहीत. तो विषय आता लोटनचा आहे. नवा गडी आला की तो मला मागून घेतो, माझं तांबूस झालेलं टोक दाखवतो आणि सांगतो, "देख, लोखंड खाई टाकं तिनी. अन् मी दोन फुलपात्रं पिधी." नाना तेव्हा घड मोजत असतात.

मित्रांनो, माझी तुम्हांला एकच कळकळीची विनंती आहे. लोखंडी वस्तूला सिरका लागला तर ती लगेच धुऊन, पुसून कोरडी करावी. नाहीतर गंज चढतो.